दुधाच्या जिल्ह्यात प्राण्यांची बाजू

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या भोवतालचा जिल्हा हा राज्यातील अग्रगण्य दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक आहे. याच रस्त्याने पुढे गेले की राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. घोडेगाव, काष्टी आणि लोणी येथील जनावरांचे बाजार राज्यभर माहीत आहेत. आणि गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाने लादलेल्या बैलगाड्या दिसू लागतात. ज्या मुलखात घराघराचा महिन्याचा हिशेब गोठ्यावर बेतलेला असतो, तेथे प्राण्यांची बाजू घेऊन उभे राहू पाहणाऱ्या माणसाला मांसाहारावर दोन शब्द बोलून सुटका करून घेता येत नाही, कारण त्याच्यासमोरचा खरा अवघड प्रश्न दुधाचा असतो आणि तो प्रश्न शेजाऱ्याच्या, बहुधा स्वतःच्याही घराच्या चुलीशी जोडलेला असतो.

प्राण्यांच्या बाजूने होणाऱ्या कामात दोन विचारधारा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि त्या वेगळ्या करून पाहणे उपयोगाचे ठरते. पहिली प्राणीकल्याणाची: माणसाने प्राण्यांचा उपयोग करावा, मात्र त्यांना अनावश्यक वेदना देऊ नयेत, असे ती मानते, आणि भारतातील बहुतेक कायदे याच विचारावर उभे आहेत. दुसरी प्राणीहक्कांची: वेदना जाणणाऱ्या जिवाला मुळात साधन म्हणून वापरण्याचा अधिकार माणसाला नाही, अशी तिची भूमिका असते. व्हीगन जीवनपद्धती ही या दुसऱ्या विचाराची रोजच्या व्यवहारातली बाजू होय. मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध, तूप, मध, रेशीम, चामडे आणि लोकर यांचाही शक्य तेवढा त्याग करणे, असा तिचा अर्थ आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी शाकाहारी मंडळींतून वेगळे होऊन व्हीगन सोसायटी स्थापन केली. या फुटीचे कारण दुग्धजन्य पदार्थ हेच होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाकाहारी वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुधाविषयीची ही शंका एका भारतीयाने मात्र त्याच्याही आधी उपस्थित केली होती. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना १९१२ मध्ये महात्मा गांधींनी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. या निर्णयामागे ब्रह्मचर्याच्या कल्पना होत्या, तसेच कलकत्त्याकडे गायी-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फुका’ नावाच्या क्रूर पद्धतीची मिळालेली माहितीही होती. पुढे १९१८ च्या गंभीर आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली आणि व्रताच्या शब्दाला धरून राहिलो पण त्याचा आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी संस्थेपुढे भाषण करताना त्यांनी शाकाहाराचा पाया आरोग्यात न शोधता नीतीत शोधला. ज्यांच्या पुस्तकाने विद्यार्थिदशेत त्यांना विचारपूर्वक शाकाहारी केले होते, ते हेन्री सॉल्ट त्या सभेस हजर होते. फुका पद्धतीवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र कलम आले आणि तिच्यासाठी इतर क्रौर्यापेक्षा बरीच कडक शिक्षा ठेवली गेली.

दुधाविरुद्धचा युक्तिवाद समजून घ्यायचा तर गोठ्याचे गणित आधी समजून घ्यावे लागते. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, ही बाब शहरातल्या ग्राहकाच्या नजरेआड झालेली असते. गाईचा गाभणकाळ सुमारे नऊ महिन्यांचा, म्हशीचा त्याहून महिनाभर अधिक. व्याल्यानंतर साधारण दहा महिने दूध, त्यानंतर दोनेक महिने भाकड काळ आणि पुन्हा वेत, असे हे चक्र चालते. ते तोट्यात जाऊ नये म्हणून व्याल्यानंतर काही महिन्यांतच जनावर पुन्हा गाभण राहावे लागते आणि त्यासाठी कृत्रिम रेतनाचा, म्हणजे गोठवलेल्या वीर्यमात्रा वापरून गर्भधारणा घडवण्याचा, सर्रास अवलंब केला जातो. प्रत्येक वेतातून एक वासरू जन्मते, आणि निसर्गनियमाप्रमाणे त्यांतली निम्मी नर असतात. कालवड जन्मली तर ती उद्याची गाय असते. गोऱ्हा जन्मला तर त्याचे काय करायचे, या प्रश्नाला आजच्या दूध व्यवसायापाशी प्रामाणिक उत्तर नाही.

पूर्वी हे उत्तर होते. खिलार किंवा डांगी जातीचा गोऱ्हा मोठा होऊन औताला, मोटेला, गाडीला जुंपला जाई. त्याच्या कष्टाचे काय मोल होते हा भाग वेगळा, पण त्याला दावणीला जागा होती. संकरीकरणाने ती हिरावून घेतली. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी जातींचा स्थानिक गायींशी संकर करून दूध वाढवण्याचे काम स्वातंत्र्योत्तर काळात देशभर झाले. राहुरीच्या विद्यापीठात होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित झाली, आणि अशा संकरित गायींच्या बळावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र संकरित गोऱ्ह्याला जू टेकण्यासाठी लागणारे वशिंड नीट नसते, ऊन त्याला सोसत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यापासून शेतीत बैलांचीच गरज आटत गेली. भारताचे वार्षिक दूध उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टनांवर पोहोचले. या आकड्याच्या मागे किती गोऱ्हे आणि रेडके जन्मली व त्यांचे काय झाले, याची नोंद दुधाच्या कोणत्याही हिशेबवहीत होत नाही.

कायद्याने या कोंडीत भर घातली. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती वळू आणि बैल यांनाही लागू केली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी व रेडे या बंदीच्या कक्षेत नाहीत. परिणाम असा झाला, की संकरित गोऱ्हा विकता येत नाही, जुंपता येत नाही आणि पोसणे परवडत नाही. मग कोणी त्याला पुरेसे दूध न पाजता सावकाश मरू देतो, कोणी रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान जाहीर केले, पण रस्त्यावर भटकणारा काळा-पांढरा संकरित गोऱ्हा त्या व्याख्येत बसत नाही. गाय पूज्य मानणाऱ्या समाजाने आपल्याच दुधाच्या उपउत्पादनाला बेवारस करावे, हा विरोधाभास प्राणीवाद्यांनी निर्माण केलेला नाही. त्यांनी तो फक्त बोलून दाखवला आहे.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आणि चुकीचे आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ, म्हणजे ठरावीक स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, या प्रमाणावर ठरतो, आणि तो इतका खाली घसरतो की २०२४ मध्ये राज्य शासनाला लीटरमागे पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले. दुधाच्या दरासाठी रस्त्यावर उतरण्याची वेळ नगर जिल्ह्यातल्या उत्पादकांवर वारंवार आलेली आहे. पेंड, चारा आणि औषधपाणी वजा जाता हाती उरणाऱ्या ‘दुधाच्या पगारा’तून एक अनुत्पादक जनावर वर्षानुवर्षे सांभाळणे अल्पभूधारकाला शक्य नसते. म्हणून या जिल्ह्यात ‘दूध पिणे म्हणजे पाप’ अशी घोषणा घेऊन येणारा कार्यकर्ता पहिल्याच बैठकीत ऐकणारे गमावतो, आणि ते योग्यच आहे. त्याने आधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे: दुधाच्या किमतीत गोऱ्ह्याच्या पोटाचा खर्च का धरला जात नाही, आणि तो ग्राहकाने का देऊ नये?

या प्रश्नावर एक तांत्रिक तोडगा पुढे आला आहे. लिंगनिश्चित वीर्य वापरले असता दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी जन्मतात, आणि अशा मात्रा शासकीय योजनांतून सवलतीत देण्याचे प्रयत्न झाले आहेत. प्राणीकल्याणाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे, कारण जन्मालाच न आलेल्या गोऱ्ह्याची उपासमार होत नाही. प्राणीहक्कांच्या दृष्टीने मात्र गाईच्या शरीरावरचा ताबा त्यामुळे अधिक घट्ट होतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरीही ज्या तालुक्यात येत्या वर्षी हजारो वेते होणारच आहेत, तेथे दूध संघांनी या मात्रांचा आग्रह धरावा यासाठी व्हीगन कार्यकर्त्याने दूध उत्पादकाच्या बरोबरीने प्रयत्न करणे, हे तत्त्वशुद्ध राहून घरी बसण्यापेक्षा अधिक फलदायी आहे. कुक्कुटपालनात तर एवढाही तोडगा रूढ झालेला नाही. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींतली नर पिले उबवणुकीच्या दिवशीच संपवली जातात, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत आयुष्य काढतात. आधुनिक भारतीय कुक्कुटउद्योगाची आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची सूत्रे पुण्यातून हलली, त्यामुळे हा विषयही मराठी मुलखाच्या अंगणातलाच आहे.

लोकांचे खाणे बदलवणे अशक्य असते, असे म्हणणाऱ्यांनी मराठी समाजाचा इतिहास पाहावा. नेवासे हे याच जिल्ह्यातले गाव. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या वारकरी परंपरेने मांस खाणाऱ्या जातींतल्या असंख्य कुटुंबांना स्वेच्छेने मांस आणि मद्य सोडायला लावले. तुळशीची माळ गळ्यात घालणे ही त्या प्रतिज्ञेची खूण, आणि ‘माळकरी’ या एका शब्दात माणसाने ताटात काय वाढून घ्यायचे नाही, हे सगळ्या गावाला कळते. या बदलामागे सक्ती नव्हती. माळ घालणाऱ्याला वारी मिळाली, दिंडी मिळाली, एकादशी मिळाली, टाळकऱ्यांची संगत मिळाली, आणि सोडलेल्या गोष्टीच्या जागी भरघोस असे काही हाती आले. शहरी व्हीगन मंडळींचे बहुतेक प्रचारसाहित्य सोडायच्या गोष्टींची यादी देऊन थांबते, हा त्यांतला आणि वारकऱ्यांतला फरक आहे, आणि तो वारकऱ्यांच्या बाजूने बोलतो.

गाडगे महाराजांनी हेच तत्त्व जत्रांतल्या पशुबळीविरुद्ध वापरले. आपल्या मुलीच्या बारशाला जातरीतीप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे आयुष्यभर, १९५६ साली देह ठेवीपर्यंत, त्यांच्या कीर्तनात नवसाच्या बोकडाचा विषय पुन्हा पुन्हा येत राहिला. श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत ते पुढे जात, आणि त्यांचा युक्तिवाद शास्त्राधाराचा नसून बोकडाच्या आईचा असे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने पशुबळीविरुद्ध चालवलेली मोहीमही याच वाटेने गेली. कायद्याच्या एकट्या बळावर काय होते, याचा धडा बैलगाडा शर्यतींनी दिला आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर या शर्यतींवर बंदी घातली. तो प्राणीवाद्यांचा ऐतिहासिक विजय मानला गेला. पण पुणे-नगरच्या गावांत त्या निकालामागे कोणी लोकमत घडवले नव्हते. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. नऊ वर्षांत डाव पूर्ण उलटला.

ज्या राणीच्या नावाने हा जिल्हा आता ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात त्यांच्या दानधर्माचे वर्णन करताना, भर उन्हात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून त्यांची माणसे पाणी पाजत, आणि पाखरांना पिकावरून हुसकावले जाऊ नये म्हणून शेते विकत घेऊन ती त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जात, अशी नोंद केली आहे. येथे शेतकऱ्याचे नुकसान भरून देऊन पाखरांची सोय केली गेली, ही व्यवहारी बाजू भावुक चरित्रलेखनात बहुधा हरवते. याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले जैन आचार्य आनंदऋषी यांच्या प्रभावामुळे नगरमध्ये जीवदयेच्या परंपरेला मोठे बळ मिळाले. भाकड आणि अपंग जनावरांना अखेरपर्यंत सांभाळणारे पांजरपोळ ही या परंपरेचीच देणगी होय.

तथापि, या वारशाला एक काळी किनार आहे आणि ती झाकून चालत नाही. महाराष्ट्रात ‘शाकाहारी’ या बिरुदाला जातीचा वास चिकटलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला होता, आणि आजही मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना विचारल्या जाणाऱ्या आहाराच्या प्रश्नाआड अनेकदा जातीचाच प्रश्न दडलेला असतो. मेंढ्यांमागे शेकडो कोस चालणारा धनगर आणि अडीअडचणीला एखादी शेळी विकून मुलाची फी भरणारी भूमिहीन बाई यांच्यापुढे व्हीगन विचार मांडताना याचे भान सुटले, तर प्राण्यांची बाजू घेणारा माणूस नकळत माणसांच्या उतरंडीची बाजू घेऊन बसतो. प्रश्न पहिल्यांदा विचारायचा तो ज्याला पर्याय उपलब्ध आहेत त्याला, म्हणजे शहरातल्या सधन शाकाहाऱ्याला, ज्याच्या ताटात पनीर आणि श्रीखंड आहे आणि तरी जो स्वतःला अहिंसक समजतो.

आहाराच्या बाबतीत नगरच्या शेतकऱ्याला पर्याय शोधायला लांब जावे लागत नाही. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, पिठले, मटकीची उसळ, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, मिरचीचा ठेचा: हे सारे रोजचे जेवण कोणतेही नाव न घेता व्हीगनच आहे. दुधाचे पदार्थ या जेवणात प्रामुख्याने सणाला येतात, किंवा चहाच्या कपातून. व्यवहारात व्हीगन होऊ पाहणाऱ्याची खरी परीक्षा भाकरीपाशी होत नाही. ती होते पुरणपोळीवरच्या तुपापाशी, प्रसादाच्या पंचामृतापाशी, व्यालेल्या गाईच्या चिकाचा खरवस शेजारीण वाटीतून आणून देते तेव्हा, आणि कोणाच्या घरी गेल्यावर न विचारता समोर येणाऱ्या चहापाशी. कोरा चहा मागणे ही छोटी गोष्ट दिसते. पण पाहुणचार नाकारल्याचा गैरसमज टाळून ती सांगता येणे, हे खेड्यातल्या व्हीगन माणसाचे सर्वांत उपयोगी कौशल्य ठरते.

पोषणाविषयीच्या दोन गोष्टी मात्र निक्षून सांगाव्या लागतात. कॅल्शियमची अडचण वाटते तेवढी मोठी नाही: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि तिळात १००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, जरी तिळातल्या ऑक्झॅलेटमुळे त्याचे शोषण पूर्ण होत नाही, तुलनेने गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. ब-१२ जीवनसत्त्वाची अडचण मात्र खरी आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पतींत ते भरवशाने मिळत नाही, आणि त्याच्या दीर्घ अभावाने रक्तक्षय व मज्जातंतूंचे कायमचे नुकसान होऊ शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. हे लोक दूध पिणारेही होते, हे लक्षात घेतले तर दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यालाही ही चिंता चुकत नाही, असे दिसते. व्हीगन माणसाने वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ ची गोळी नियमित घ्यावी; गर्भवती आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. जुन्या काळी ऋषिमुनींना गोळी लागत नव्हती, असे म्हणणारा प्रचारक व्हीगन विचाराचे भले करत नाही.

शेणखताचा आक्षेपही येथे नोंदवणे न्याय्य आहे. ज्या बाजरीची भाकरी व्हीगन मानली जाते, तिच्या वावरात गोठ्यातले शेण पडलेले असते. रासायनिक खत टाळायचे तर शेण लागते, शेण हवे तर जनावर लागते. हिरवळीची खते, कंपोस्ट, गांडूळखत अशा वाटा आहेत, पण गांडूळखतातही बहुधा शेण असतेच. म्हणूनच ‘शक्य तेवढा’ हा शब्दप्रयोग व्हीगन जीवनपद्धतीच्या व्याख्येतच आहे. संपूर्ण निष्पाप ताट हे कोणाच्याच घरी नसते.

मराठी मुलखात प्राण्यांसाठी संघटित होण्याची परंपरा बरीच जुनी आहे. जून १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि इतर समाजांतील लोकही त्यांच्या पाठीशी राहिले. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि पुढे सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. पुण्यात १९७४ पासून काम करणाऱ्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ने वस्तूंत लपलेल्या प्राणिजन्य घटकांचा पाठपुरावा केला, २००१ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दिसणारा शाकाहाराचा हिरवा ठिपका हा त्या लढ्याचे फलित मानला जातो. मात्र हिरव्या ठिपक्यात दूध आणि मध बसतात, त्यामुळे तो पाहून पदार्थ व्हीगन आहे असे समजता येत नाही. त्यासाठी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळे हिरवे चिन्ह आणले. २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास देशात बंदी आहे. डॉ. नंदिता शहा यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ‘शरण’ ही संस्था आहाराच्या मार्गाने हाच विचार पुढे नेते.

नगर जिल्ह्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र सांगलीचे आहे. २००३ पासून ‘ॲनिमल राहत’ ही संस्था सांगली, सोलापूर, सातारा भागांत साखर कारखान्यांच्या बैलांवर काम करते: जखमांवर उपचार, पराणीची टोके काढणे, थकलेल्या बैलांना निवृत्ती आणि गाडीमालकाला छोट्या ट्रॅक्टरकडे वळण्यास मदत. बैल सुटतो आणि माणसाचा रोजगारही टिकतो, ही या कामाची खुबी आहे. १९५० मध्ये प्रवरानगरात सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यापासून सहकाराची वाट दाखवणाऱ्या जिल्ह्याला असे काम परके वाटण्याचे कारण नाही.

नागापूर किंवा आसपासच्या गावातल्या एखाद्याला या कामात उतरायचे असेल, तर सुरुवात आहाराने करावी की कायद्याने, हा वाद निरर्थक आहे. त्याला जे आज दिसते तेथून सुरुवात करावी. १९६५ च्या मालवाहू जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. ३७ अंशांहून अधिक तापमानाच्या जागी दुपारी बारा ते तीन त्याला जुंपता येत नाही. टोकदार पराणी वापरण्यास मनाई आहे, आणि जनावराचा आकार व गाडीची चाके पाहून वजनाची मर्यादा ठरवलेली आहे. हे नियम ऊसतोड मजुराला फारसे कोणी सांगितलेले नाहीत, आणि ज्याची उचल आधीच फिटायची राहिली आहे त्याला दंड करून उपयोगही नाही. ते कारखान्याच्या कार्यालयात, हंगाम सुरू होण्यापूर्वी, लेखी मांडले पाहिजेत, कारण गाडीवर किती टन भरायचे याचे अर्थकारण तेथे ठरते. जखमी किंवा आजारी जनावरासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ च्या नियमांनुसार निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हे नगरपालिका-महापालिकांचे कर्तव्य आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असावी, असे २००१ चे नियम सांगतात. तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिने काय ठरवले, हे माहिती अधिकारात विचारता येते, आणि हा एक अर्ज डझनभर निषेधपत्रकांपेक्षा जास्त काम करतो.

कायद्याच्या धारेविषयी मात्र भ्रम बाळगू नये. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील पुढाकारातून आलेल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला मारहाण, उपासमार किंवा अतिभार यांसाठी पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. जनावर ठार करणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून तक्रार नोंदवताना हे कलम लावण्याचा आग्रह धरावा. मूळ कायद्यातील दंड वाढवण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला होता. पन्नास रुपयांत आज नगरच्या बाजारात लीटरभर गाईचे दूधही जेमतेम येते. आपल्या खासदाराला या मसुद्याविषयी पत्र लिहिणे हे दूध पिणाऱ्यालाही आणि न पिणाऱ्यालाही सारखेच करता येण्याजोगे काम आहे.